परिचयाचे व्याकरण : जर्मन भाषेच्या प्रारंभिक अध्ययनात मराठीचे साहाय्य आणि मराठीचा अडसर

१. प्रास्ताविक

कोणतीही परकी भाषा शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी जे बोलावे लागते ते स्वतःविषयीच असते. आपले नाव, आपले गाव, आपला व्यवसाय आणि आपल्याबरोबर असलेली माणसे यांचा निर्देश करणे ही भाषाव्यवहाराची पहिली पायरी होय. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामायिक आराखड्यात 'ए-१' ही सर्वांत खालची पातळी ठरविताना स्वतःचा व इतरांचा परिचय करून देता येणे ही क्षमता स्पष्टपणे नमूद केली आहे. त्यामुळे जर्मनच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांचा पहिला पाठ परिचयाचाच असतो.

बंगळूरच्या इंदिरानगर भागात, चिन्मय मिशन हॉस्पिटल मार्गावर, गटे इन्स्टिट्यूट अर्थात मॅक्समुल्लर भवन ही संस्था आहे. भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, पुणे आणि बंगळूर या सहा शहरांत ही भवने असून, ऋग्वेदाचे संपादन करणारे जर्मन पंडित मॅक्समुल्लर (१८२३-१९००) यांचे नाव त्यांना दिले आहे. बॉश, सीमेन्स, सॅप यांसारख्या जर्मन उद्योगांची मोठी केंद्रे बंगळुरात असल्यामुळे तेथे जर्मन शिकणाऱ्यांत अभियंत्यांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा भरणा असणे स्वाभाविक आहे. या वर्गांत कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी अशा विविध मातृभाषांच्या विद्यार्थ्यांसमवेत मराठी भाषक विद्यार्थीही असतात. अशा मिश्र वर्गात अध्यापनाची आधारभाषा, जेथे ती लागते तेथे, साहजिकच इंग्रजी असते.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न येथूनच उद्भवतो. मराठी भाषक विद्यार्थी इंग्रजीच्या मार्गाने जर्मनकडे जातो, तेव्हा आपल्या मातृभाषेत आधीच असलेली सामग्री तो वापरतो की बाजूस ठेवतो? परिचयाच्या पाठापुरता विचार केला तरी असे दिसून येते की, व्याकरणाच्या अनेक बाबतींत मराठी ही इंग्रजीपेक्षा जर्मनला जवळची आहे. मात्र आदर आणि संबोधन या सामाजिक व्यवहाराच्या बाबतीत तीच मराठी विद्यार्थ्याची दिशाभूल करू शकते. साहाय्य कोठे घ्यावे आणि सावध कोठे राहावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

या प्रश्नाला निव्वळ शैक्षणिक महत्त्व आहे असे नाही. जर्मनीत वास्तव्य करणाऱ्या जोडीदाराकडे राहावयास जाणाऱ्या पतीने वा पत्नीने प्राथमिक जर्मनचे ज्ञान सिद्ध केले पाहिजे, अशी अट जर्मन कायद्यात २००७ साली घालण्यात आली. पुढे 'ब्लू कार्ड' धारकांच्या व इतर काही वर्गांतील परदेशी व्यक्तींच्या जोडीदारांना तीतून सूट मिळाली. परंतु इतरांना ती लागू आहे. ए-१ परीक्षेच्या तोंडी भागाचा पहिला प्रश्न स्वपरिचयाचा असतो. नाव, वय, देश, राहण्याचे ठिकाण, भाषा, व्यवसाय आणि छंद असे सात निर्देशक शब्द समोर ठेवले जातात व त्यांच्या आधारे परीक्षार्थी स्वतःविषयी बोलतो. नंतर त्याला एखादा शब्द अक्षरशः उच्चारून दाखवावा लागतो आणि एखादा क्रमांक सांगावा लागतो. म्हणजे एखाद्या गृहिणीच्या बाबतीत पतीसमवेत राहण्याचा मार्ग काही अंशी या सात शब्दांमधून जातो.

२. लिप्यंतराविषयी

पुढील विवेचनात जर्मन वाक्ये देवनागरीत दिली आहेत. लिप्यंतर हे नेहमीच उच्चाराच्या जवळपास जाणारे असते, तंतोतंत नसते, हे ध्यानात ठेवावे. 'मी' या अर्थाचे जर्मन सर्वनाम येथे 'इश्' असे लिहिले आहे. परंतु त्यातील व्यंजन 'श' नव्हे. 'श' उच्चारताना जिभेचा मधला भाग टाळूकडे किंचित अधिक उचलून, ओठ पसरून हवा सोडली असता जो घर्षक ध्वनी निघतो, तो या व्यंजनाचा उच्चार होय. 'ह्य' कुजबुजत्या आवाजात म्हटल्यास त्याच्या बरेच जवळ जाता येते. शब्दान्ती येणारा 'ए' (हाइसे, कोमे, वोने) हा ऱ्हस्व आणि अस्फुट समजावा. 'झी', 'झाइन' यांतील 'झ' हा 'जरा', 'जागा' या मराठी शब्दांतील दंततालव्य 'ज'सारखा, पण अधिक घर्षक उच्चारावयाचा आहे.

३. परिचयाची मूळ वाक्ये

स्वपरिचयाची वाक्ये मोजकीच आहेत. 'इश् हाइसे मीरा' म्हणजे 'माझे नाव मीरा'. 'हाइसन' या क्रियापदाचा अर्थ 'अमुक नावाने ओळखले जाणे' असा असून, त्यास मराठीत एकशब्दी प्रतिरूप नाही. 'मला मीरा म्हणतात' ही रचना अर्थाने त्याच्या जवळ जाते. याच अर्थाने 'माइन नामे इस्ट मीरा' असेही म्हणता येते आणि हे वाक्य मराठी कानाला मुळीच परके वाटू नये. 'नामे' आणि 'नाम', 'इस्ट' आणि संस्कृत 'अस्ति' यांचे मूळ एकच आहे. फ्रान्झ बोप याने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतील क्रियारूपांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा अशाच साम्यांवरून या भाषांचे एककुलत्व त्याने मांडले होते. 'ते आहेत' या अर्थाच्या 'झिंट' या रूपाशेजारी 'सन्ति' ठेवून पाहिल्यास हे नाते अधिक स्पष्ट होते.

'इश् कोमे आउस इंडिएन' (मी भारतातून आलो / आले आहे), 'इश् वोने इन इंदिरानगर' (मी इंदिरानगरात राहतो / राहते), 'इश् बिन लेररिन' (मी शिक्षिका आहे) ही पुढील वाक्ये होत. यांतील क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, हा जर्मन वाक्यरचनेचा पहिला नियम आहे. मराठीत क्रियापद वाक्यान्ती येते. त्यामुळे येथे मराठीचे साहाय्य होत नाही. तथापि इंग्रजीचे साहाय्यही अपुरेच पडते. 'आता', 'आज', 'दोन वर्षांपासून' असे एखादे पद आरंभी आले, तरी जर्मन क्रियापद दुसरे स्थान सोडत नाही आणि कर्ता त्याच्या मागे जातो : 'येट्स्ट वोने इश् इन बंगळूर' (आता राहतो मी बंगळुरात). इंग्रजीच्या सवयीने बोलणारा विद्यार्थी येथे कर्ता आधी ठेवतो व चुकतो. उलट 'इश् म्योश्टे डॉइच लेर्नेन' (मला जर्मन शिकायचे आहे) या वाक्यात 'शिकणे' हे क्रियापद कर्मानंतर, अगदी शेवटी येते. गौण वाक्यातही क्रियापद अखेरीस जाते. हा क्रम मराठी भाषकाच्या अंगवळणी पडलेलाच असतो.

क्रियापदाविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मराठीत 'हा माझा भाऊ' एवढे म्हटले तरी वाक्य पूर्ण होते. जर्मनमध्ये 'इस्ट' गाळता येत नाही. 'डास इस्ट माइन ब्रूडर' असे पूर्ण वाक्यच म्हणावे लागते. दुसरे असे की, मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखविते (राहतो, राहते). जर्मन क्रियापद ते दाखवीत नाही. तेथे लिंगभेद व्यवसायनामात प्रकट होतो : शिक्षक तो 'लेरर', शिक्षिका ती 'लेररिन'. या व्यवसायनामामागे एकत्वदर्शक उपपद येत नाही. 'मी शिक्षिका आहे' असे मराठीतून सरळ जर्मनमध्ये गेल्यास वाक्य शुद्ध होते. इंग्रजीवरून गेल्यास तेथे एक अनावश्यक उपपद शिरते.

४. मराठीचे साहाय्य

(अ) लिंग आणि स्वामित्वदर्शक सर्वनामे : जर्मनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. हिंदीत दोनच आहेत. कन्नडमध्ये लिंगनिश्चिती मुख्यतः अर्थावरून होते, म्हणजे निर्जीव वस्तू पुल्लिंगी वा स्त्रीलिंगी असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. 'टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का?' असा प्रश्न मराठी भाषकाला पडत नाही, कारण त्याच्या भाषेतही हे असेच, अकारण, असते. प्रत्येक नामाचे लिंग मात्र त्याला नव्याने पाठ करावे लागते. सूर्य मराठीत पुल्लिंगी तर जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि 'मुलगी' या अर्थाचा 'मेड्शेन' हा शब्द तर नपुंसकलिंगी आहे.

इतरांचा परिचय करून देताना या साम्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. मराठीत स्वामित्वदर्शक सर्वनाम दोन गोष्टी एकाच वेळी सांगते : स्वामी कोण, आणि ज्याचा निर्देश होत आहे ते नाम कोणत्या लिंगाचे. 'त्याचा भाऊ, त्याची बहीण, तिचा भाऊ, तिची बहीण' या चार रूपांना जर्मनमध्ये 'झाइन ब्रूडर, झाइने श्वेस्टर, ईर ब्रूडर, ईरे श्वेस्टर' अशी चार रूपे नेमकी जुळतात. इंग्रजीत यांपैकी स्वामीचा भेद राहतो, नामाचा नाहीसा होतो. हिंदीत नामाचा राहतो, स्वामीचा नाहीसा होतो. जर्मनप्रमाणे दोन्ही भेद राखणाऱ्या मराठीच्या भाषकाला हा कोष्टक पाठ करण्याचा विषय न राहता ओळखण्याचा विषय होतो.

(आ) अनुभव घेणारा आणि चतुर्थी : 'मला आवडते', 'मला थंडी वाजते' या मराठी रचनांमध्ये अनुभव घेणारी व्यक्ती कर्तृपदी नसते. जर्मनमध्येही 'बंगळूर गेफेल्ट मिर' (बंगळूर मला आवडते), 'मिर इस्ट काल्ट' (मला थंडी वाजते) अशीच रचना होते. कुशल विचारण्याचे 'वी गेट एस ईनेन?' हे वाक्य शब्दशः 'कसे जाते तुम्हाला?' असे आहे. 'तुमचे कसे चालले आहे?' या प्रश्नाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. मात्र सर्वत्र असे घडत नाही. 'मला दोन मुले आहेत' हे सांगताना जर्मनमध्ये 'इश् हाबे त्स्वाइ किंडर' असे, म्हणजे 'मी बाळगतो' या धर्तीचे वाक्य करावे लागते. येथे इंग्रजीच अधिक जवळची आहे.

(इ) काळ : 'मी दोन महिन्यांपासून जर्मन शिकत आहे' या वाक्यात मराठी वर्तमानकाळ वापरते, जर्मनही वर्तमानकाळच वापरते : 'इश् लेर्ने झाइट त्स्वाइ मोनाटेन डॉइच'. इंग्रजीत या ठिकाणी पूर्णतादर्शक निराळे रूप येते आणि ते जर्मनमध्ये नेल्यास वाक्य बिघडते.

(ई) संख्या : परीक्षेत सांगाव्या लागणाऱ्या क्रमांकाच्या बाबतीत मराठीचा लाभ विशेष ठळक आहे. इंदिरानगरच्या ५६००३८ या पिनक्रमांकातील शेवटची जोडी जर्मनमध्ये 'आख्ट-उंट-ड्राइसिश्', म्हणजे 'आठ आणि तीस', अशी वाचली जाते. इंग्रजीतून शिकणाऱ्यास हा उलटा क्रम गोंधळात पाडतो आणि अडतीसच्या जागी त्र्याऐंशी लिहिले जाते. मराठी 'अडतीस' या शब्दातही आठ आधी आणि तीस नंतर आहे. एकवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट या सर्वांत एकक आधी येते. अपवाद एकोणतीस, एकोणचाळीस या मालिकेचा. तेथे जर्मन 'नऊ आणि वीस', 'नऊ आणि तीस' असे म्हणते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला होता. त्या वादाच्या गुणदोषांत न शिरता एवढे म्हणता येईल की, सत्तावीस म्हणण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला जर्मन संख्या सोप्या जातात.

५. उच्चार आणि अक्षरांची नावे

मराठीत 'च' या एका अक्षराचे दोन उच्चार आहेत : 'चिंच'मधील तालव्य आणि 'चोर', 'चाक' यांतील दंततालव्य. रोमन वर्णमालेतील शेवटच्या अक्षराचा जर्मन उच्चार हा या दुसऱ्या 'च'च्या अगदी निकटचा आहे. इतर अनेक भारतीय भाषकांना जो ध्वनी प्रयत्नाने साधावा लागतो, तो मराठी भाषकाच्या तोंडी जन्मापासून असतो. लिपीत दोन्हींसाठी एकच चिन्ह असल्याने त्याची जाणीव मात्र त्याला नसते. ती शिक्षकाने करून द्यावी लागते. यात एक मर्यादा आहे. मराठीत 'इ', 'ई' व 'य' यांच्यापूर्वी च आणि ज यांचा उच्चार सामान्यतः तालव्यच होतो. त्यामुळे 'त्सिमर' (खोली) किंवा 'झी' (ती, तुम्ही) हे शब्द उच्चारताना ओळखीचा ध्वनी अनोळखी जागी येतो आणि थोडा सराव करावा लागतो.

नावाची अक्षरे सांगताना इंग्रजी वर्णनामांचा पगडा अडचणीचा ठरतो. जर्मनमध्ये पहिल्या स्वराचे नाव 'आ', दुसऱ्याचे 'ए' आणि तिसऱ्याचे 'ई' असे आहे. इंग्रजीत त्याच अक्षरांना अनुक्रमे 'ए', 'ई' आणि 'आय' म्हणतात. परीक्षकाने 'ई' म्हटले की इंग्रजीत वाढलेला विद्यार्थी भलतेच अक्षर लिहितो. वास्तविक जर्मन नावे ही मराठी स्वरांच्या उच्चारांशी जुळणारी आहेत, हे एकदा लक्षात आले की घोटाळा संपतो.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी आडनावांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ज्याला 'जे' म्हणतात त्या अक्षराचे जर्मन नाव 'योट' असून उच्चार 'य' आहे. म्हणून जोशी हे आडनाव जर्मन वाचक 'यो' असे उच्चारू लागतो. 'व्ही'चे नाव 'फाउ' व उच्चार बहुधा 'फ' असल्याने वैद्य यांचे 'फाइद्य' होते. 'डब्ल्यू'चे नाव 'वे' आणि उच्चार 'व' असल्यामुळे वाघ मात्र बव्हंशी वाघच राहतात. शब्दान्तीचा 'ड' हा 'ट' होतो, म्हणून गोविंद हे नाव 'गोफिंट' असे ऐकू येऊ शकते. आपल्या नावाचा हा नवा अवतार विद्यार्थ्याने आधीच ओळखून ठेवणे हिताचे आहे. कारण कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात त्याला हाक मारली जाईल ती याच उच्चाराने.

६. आदराचा प्रश्न

व्याकरणात सहायक ठरणारी मराठी आदराच्या क्षेत्रात अडसर बनते. वरवर पाहता येथेही साम्य आहे. मराठीत 'तू' व 'तुम्ही', तसेच औपचारिक 'आपण'. जर्मनमध्ये 'डू' व 'झी'. आदरार्थी 'झी' हे मूळचे 'ते' या अर्थाचे अनेकवचनी सर्वनाम असून लेखनात त्याचे पहिले अक्षर मोठे काढतात. इंग्रजीत हा भेद उरलेला नसल्याने मराठी भाषकास तो अधिक लवकर उमगतो. परंतु भेद असणे वेगळे आणि तो कोठे पाळावयाचा हे वेगळे.

पहिला फरक परस्परतेचा आहे. मराठीत ज्येष्ठ व्यक्ती कनिष्ठाला 'तू' म्हणते व कनिष्ठ तिला 'तुम्ही' म्हणतो. कोणासही त्यात विपरीत वाटत नाही. जर्मनमध्ये दोन प्रौढ व्यक्तींमध्ये सामान्यतः दोन्ही बाजूंनी 'डू' किंवा दोन्ही बाजूंनी 'झी' असते. 'झी'वरून 'डू'वर येण्याचा प्रस्ताव वयाने वा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने करावा असा संकेत आहे, आणि तो स्वीकारल्यावर कनिष्ठानेही 'डू'च म्हणावयाचे असते. मराठी विद्यार्थ्याला हे जड जाते. वरिष्ठाने 'डू' म्हणण्यास सांगितल्यावरही तो 'झी'लाच चिकटून राहिला, तर त्याला विनय अभिप्रेत असतो, पण समोरच्यास दुरावा जाणवतो. कुटुंबातही जर्मन मूल आईला, वडिलांना, आजोबांना सरसकट 'डू' म्हणते. मराठीत परंपरेने आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' असा जो भेद होता, त्याला तेथे स्थान नाही. देवाला मात्र दोन्ही भाषांत एकेरीच हाक मारतात.

दुसरा फरक अधिक मूलभूत आहे आणि परपरिचयात तोच घात करतो. मराठीत आदर तृतीय पुरुषातही व्यक्त होतो : 'हे माझे वडील. ते शिक्षक आहेत.' कन्नडमधील 'अवरु' आणि तमिळमधील 'अवर' यांचे कार्यही हेच आहे. म्हणजे इंदिरानगरच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांचा संस्कार या बाबतीत समान असतो. जर्मनमध्ये आदर समोरच्या व्यक्तीला उद्देशून बोलतानाच व्यक्त होतो. तिच्याविषयी बोलताना ती व्यक्ती कितीही थोर असो, एकवचनच येते : 'डास इस्ट माइन फाटर. एर इस्ट लेरर.' शब्दशः हे 'तो शिक्षक आहे' असे होते. वडिलांसाठी 'एर' म्हणताना मराठी जीभ अडखळते आणि 'झी झिंट लेरर' असे बहुवचनी वाक्य बाहेर पडते. जर्मन ऐकणारा मग ते अनेक शिक्षक कोण याचा शोध घेऊ लागतो, किंवा आपल्यालाच उद्देशून हे म्हटले आहे असे समजतो. जर्मन दरबारी भाषेत राजाविषयी बोलताना बहुवचनी क्रियापद वापरण्याची रीत एके काळी होती; पण ती दरबाराबरोबर गेली. म्हणून येथे विद्यार्थ्याला नियमाबरोबरच एक आश्वासनही द्यावे लागते : 'एर' म्हटल्याने वडिलांचा अनादर होत नाही, कारण त्या भाषेने आदर ठेवण्याची जागाच निराळी निवडली आहे.

या संदर्भात 'डास' या शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. परिचय करून देताना समोरची व्यक्ती पुरुष असो, स्त्री असो वा अनेक असोत, जर्मन वाक्याचा आरंभ नपुंसकलिंगी 'डास'नेच होतो : 'डास इस्ट माइने मुटर' (ही माझी आई), 'डास झिंट माइने किंडर' (ही माझी मुले). मराठीत 'हा, ही, हे' यांतून निवड करावी लागते. जर्मनमध्ये निवड नाही. मराठीतील 'हे' हे रूप नपुंसकलिंगी एकवचनाचे आणि पुल्लिंगी आदरार्थी बहुवचनाचेही आहे; 'हे माझे वडील' आणि 'डास इस्ट माइन फाटर' यांची आरंभरूपे त्यामुळे योगायोगाने एकमेकांसारखी भासतात. पैकी एकात आदर आहे, दुसऱ्यात केवळ निर्देश.

७. नाव, उपाधी आणि नाती

'आमचे हे' एवढ्यावर पतीचा परिचय पूर्ण करण्याची रीत मराठी कुटुंबांत दीर्घकाळ होती; नाव घ्यावयाचे ते उखाण्यात. जर्मन परिचय नावाशिवाय अपुरा राहतो : 'डास इस्ट माइन मान, अनिल'. 'मान' म्हणजे पुरुष आणि पती; 'फ्राउ' म्हणजे स्त्री, पत्नी आणि 'श्रीमती'ही. 'माइने फ्राउ' म्हटले की पत्नी, 'फ्राउ कुलकर्णी' म्हटले की कुलकर्णीबाई. 'हेर' आणि 'फ्राउ' ही उपपदे सामान्यतः आडनावापूर्वीच येतात. मराठीतील 'अनिलराव', 'मीराताई' यांत उपाधी पहिल्या नावाला मागून जोडली जाते. त्या सवयीने 'हेर अनिल' म्हटले तर ते चमत्कारिक वाटते. अविवाहित स्त्रीसाठी असलेले 'फ्रॉयलाइन' हे उपपद पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९७२ साली शासकीय व्यवहारातून काढले. आता प्रत्येक प्रौढ स्त्रीसाठी 'फ्राउ' हेच योग्य आहे. 'कु.' आणि 'सौ.' यांविषयी मराठीत झालेल्या चर्चेचे येथे स्मरण व्हावे.

मित्राचा परिचय देताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. स्त्रीने पुरुषाविषयी 'डास इस्ट माइन फ्रॉइंट' असे म्हटले, तर ऐकणारा त्यातून बहुधा प्रियकराचा अर्थ घेतो. निव्वळ मित्र म्हणावयाचे असल्यास 'आइन फ्रॉइंट फोन मिर' (माझ्या मित्रांपैकी एक) असे म्हणतात. 'हा माझा मित्र' या निरागस मराठी वाक्याचे शब्दशः भाषांतर म्हणूनच टाळावे.

नात्यांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आणि जर्मन काटकसरी आहे. काका, मामा, मावशीचे यजमान हे सर्व 'ओन्केल'. काकू, मामी, मावशी, आत्या या सर्व 'टान्टे'. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा यांना 'श्वागर' हा एकच शब्द. जावा, नणंदा, वहिनी, मेहुण्या यांचीही गत तीच. नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जाऊन मानवशास्त्राचे संशोधन केले आणि १९५३ साली भारतीय नातेव्यवस्थेवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. नात्याचा शब्द म्हणजे कुटुंबातील हक्क, कर्तव्ये आणि वर्तनाचे संकेत यांचे सूचन असते, हे त्यांच्या या विषयावरील लेखनातून स्पष्ट होते. ही दृष्टी ठेवली म्हणजे 'श्वागर' म्हणताना विद्यार्थ्याला जी उणीव जाणवते, ती शब्दसंग्रहाची नसून समाजव्यवस्थेची आहे हे कळते. विशेष असे की, जुन्या जर्मनमध्ये ही उणीव नव्हती. मामासाठी 'ओहाइम', मावशीसाठी 'मूमे', काकासाठी मूळ अर्थाने 'फेटर' आणि आत्यासाठी 'बाझे' असे चार स्वतंत्र शब्द होते. फ्रेंचमधून आलेल्या 'ओन्केल' आणि 'टान्टे' यांनी पुढे त्यांची जागा घेतली. आज मराठी घरांतही काका-मामांच्या जागी 'अंकल' आणि मावशी-आत्यांच्या जागी 'आंटी' ऐकू येऊ लागल्या आहेत. जर्मनमध्ये घडून गेलेले परिवर्तन मराठीत त्याच वाटेने चालले आहे काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

८. समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. लिंग, स्वामित्वदर्शक सर्वनामे, चतुर्थीची रचना, काळ, संख्यावाचन आणि काही ध्वनी या बाबतींत मराठी भाषकाजवळ जर्मनची निम्मी तयारी आधीच असते. अध्यापन इंग्रजीतून होत असले, तरी त्याने मनातील तुलना मराठीशी केली पाहिजे. तसे न केल्यास आपल्याच घरातील वस्तू तो बाजारात शोधत राहतो. याउलट आदर, संबोधन, उपाधी आणि नाती या बाबतींत मराठीचा संस्कार जाणीवपूर्वक बाजूस ठेवावा लागतो. तेथे होणारी चूक व्याकरणाची म्हणून फारशी गंभीर नसते. पण ऐकणाऱ्याच्या मनात परिचयाच्या पहिल्या क्षणी जी प्रतिमा उमटते, ती तिच्यामुळे बदलते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधा उपाय सुचतो. मराठी भाषक विद्यार्थ्याने परिचयाची दहा वाक्ये प्रथम मराठीत लिहावीत. ज्या वाक्यांत 'ते', 'हे', 'आहेत' अशी आदरार्थी रूपे आली असतील, त्यांखाली रेघ ओढावी. ज्यांत 'मला', 'त्याची', 'तिचा', 'पासून' आणि संख्यानामे आली असतील, त्यांना वर्तुळ करावे. वर्तुळातील वाक्ये त्याने निःशंकपणे मराठीच्या आधारे जर्मनमध्ये न्यावीत आणि रेघेवरील वाक्यांपाशी थांबून विचार करावा. एवढे साधले, तर 'डास इस्ट माइन फाटर. एर इस्ट लेरर' ही वाक्ये तो न अडखळता उच्चारील, आणि वडिलांविषयीचा आदर मनात तसाच ठेवील.